तारेमागचा डॉक्टर

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी इंदूरला मावशीकडे गेलो होतो. लालबाग राजवाड्यापासून तिचे घर पायी दहा मिनिटांवर. त्या दिवशी घरी फायबरचे कनेक्शन बसवायला माणूस आला होता. भिंतीला भोक पाडून त्याने केसासारखी तार आत घेतली, पेटी ठोकली, ॲडॅप्टर लावला. हिरवे दिवे लागले. पेढे वाटायचे तेवढे काकांनी बाकी ठेवले! तासाभरात वीज गेली आणि इंटरनेटबरोबर फोनही मुका झाला. काका जुन्या काळ्या फोनसाठी हळहळू लागले. त्या माणसाने उलगडा केला. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा घरापर्यंत येत असे. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश येतो, तेव्हा पेटीची सोय आपणच करायची.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. इंदुरात पहिली तार कोणी आणली, तिला वीज कुठून मिळे, हे शोधताना विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी हे नाव भेटले.

हा गृहस्थ इंजिनियर नव्हे, डॉक्टर. जन्म १८०८ सालचा, आयर्लंडमधील लिमरिकचा, शिक्षण एडिंबरोला. ऐन तेविशीत त्याने कॉलऱ्याच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी होतात, ते शिरेतून परत द्यावेत असे सुचवले. आज इस्पितळात सलाइन लावतात, त्याचे मूळ तिथे आहे. १८३३ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. रासायनिक घट हा त्याचा रोजचाच विषय, त्यामुळे तारेला वीज कुठून द्यायची ही अडचण त्याला परकी नव्हती.

१८३९ मध्ये त्याने बांबूंवर तार ताणून एकवीस मैलांचे मंडल तयार केले, आणि त्यातले सात हजार फूट चक्क हुगळीचे पाणी होते! संदेश घेणाऱ्याच्या बोटाला बारीक झटका बसे, त्यावरून अक्षर ओळखायचे. सरकारने मात्र दहा वर्षे त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे डलहौसीने मनावर घेतले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्ग सुरू झाला. तिथे शिवचंद्र नंदी हा बंगाली सहकारी त्याचा उजवा हात होता. त्याचे नाव आपल्या पुस्तकांत फारसे येत नाही याची मला खंत वाटते. इथली तार विलायती पद्धतीने बारीक ठेवून चालणार नव्हती. माकडे तिला लोंबकळत, घारी रांगेने बसत. म्हणून जाड लोखंडी सळईच वापरली. नोव्हेंबर १८५३ मध्ये आग्र्याचे काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी आठशे मैल पार करून पहिला संदेश गेला. पाठोपाठ आग्रा-मुंबई मार्ग झाला, तो इंदूरवरून. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वांसाठी खुली झाली, आणि मग व्यापाऱ्याला दूरच्या बाजाराचा भाव त्याच दिवशी कळू लागला. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा फेरबदल!

पण तार कंपनीची होती, हे विसरता येत नाही. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्या वर्षी ठिकठिकाणी लोकांनी तारा तोडल्या, कारण त्यांतून कोणाचे हुकूम धावतात हे त्यांना ठाऊक होते. ओ'शॉनेसी त्या वेळी परदेशात मोर्स पद्धतीची यंत्रे मिळवण्याच्या खटपटीत होता. १८५६ मध्येच त्याला सर ही पदवी मिळाली होती. काही वर्षांतच तो नोकरी सोडून मायदेशी परतला आणि १८८९ मध्ये साउथसी येथे वारला. लालबागचे बांधकाम त्याच्या तीन वर्षे आधी, १८८६ मध्ये सुरू झाले होते. त्याने आणलेली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून छोटी बॅटरी घेऊन आले. संध्याकाळी पुन्हा वीज गेली. घरात अंधार, पण पेटीचे दिवे तेवढे हिरवे होते.