न्यायमूर्ती रानडे आणि विद्यापीठातील मराठी

महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र समाजसुधारणा व अर्थशास्त्र यांच्या अंगाने विपुल लिहिले गेले. विद्यापीठाशी असलेले त्यांचे नाते मात्र दुय्यम मानले गेले. वस्तुतः 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या 1862 मधील पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केल्याबद्दल एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली. पुढे त्याच महाविद्यालयात रानडे अध्यापक झाले.

त्याच दशकात अभिजात भाषांना प्राधान्य देऊन विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमातून मराठी वगळली. 1871 मध्ये न्यायखात्यात गेल्यावरही रानडे यांनी हा प्रश्न सोडला नाही. इंग्रजीतून मिळवलेले ज्ञान स्वभाषेत उतरत नसेल, तर पदवीधर आपल्याच समाजापासून तुटतो, अशी त्यांची धारणा होती. 1898 मधील मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे टिपण याच दृष्टीने वाचावयास हवे. वाङ्मयाचा आढावा हे त्याचे बाह्य रूप. मराठीत अभ्यासण्याजोगे काही आहे काय, या विद्यापीठीय आक्षेपाला ते दिलेले उत्तरही आहे. टिपण इंग्रजीत आहे, यात विसंगती शोधणे सोपे, पण उथळ. ज्यांचे मन वळवावयाचे होते, त्यांची भाषा तीच होती.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे निवर्तले. त्यांच्या निधनानंतर एम. ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. बी. ए. ला ती परतण्यास आणखी बराच काळ लागला.