दगडातली आग ओळखणारा हटन

वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करणारा एक पोरगा कागदांच्या नकला करायचं सोडून रसायनांचे प्रयोग करत बसायचा. वकिलानं त्याला नारळ दिला. मग तो डॉक्टरकी शिकला, १७४९ मध्ये लायडनची डिग्री मिळवली, पण प्रॅक्टिस केलीच नाही. मित्रासोबत काजळीपासून नवसागर बनवायचा धंदा काढला आणि वडिलांकडून आलेल्या जमिनीवर शेती करायला गेला. आजच्या भाषेत, करिअरचा पार गोंधळ! पण हाच जेम्स हटन पुढे आधुनिक भूशास्त्राचा जनक ठरला.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरात ३ जून १७२६ रोजी त्याचा जन्म झाला. शेती करताना पावसानं माती वाहून जाताना तो रोज बघायचा. सगळी जमीन अशी समुद्रात जात असेल, तर ती कधीच संपायला हवी होती. म्हणजे नवी जमीन कुठेतरी तयार होत असणार. पण कशाच्या जोरावर? पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेच्या, असं त्याचं उत्तर होतं.

त्या काळी युरोपात जर्मनीच्या वेर्नर यांच्या मताचा मोठा दबदबा होता. मिठागरात मीठ साचतं तसे ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट आदिम महासागराच्या पाण्यातून साचले, असं ते शिकवत. त्या हिशोबानं ग्रॅनाइट सगळ्यात जुना. हटनचं म्हणणं उलटं होतं: ग्रॅनाइट खालून वर घुसलेल्या शिलारसाचा बनलाय. १७८५ च्या वसंतात त्यानं आपला सिद्धांत एडिंबराच्या रॉयल सोसायटीत मांडला, तेव्हा तो साठीला टेकला होता. आणि ठोस पुरावा अजून हातात नव्हता.

तो शोधायला त्याच वर्षी तो ग्लेन टिल्टच्या दरीत गेला. ग्रॅनाइट खरंच वितळलेला असेल, तर वरच्या खडकाच्या भेगांत तो शिरलेला दिसायला हवा. नाही दिसला, तर सिद्धांतच धोक्यात. नदीच्या पात्रात लाल ग्रॅनाइटच्या शिरा काळपट खडक फोडून आरपार गेलेल्या दिसल्या. जो घुसतो तो नंतरचा, म्हणजे ग्रॅनाइट त्या खडकाहून तरुण! हटन इतका हरखला की वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याचांदीची खाणच सापडली.

तरी विरोधकांचा एक प्रश्न उरलाच. वितळलेला दगड थंड झाला तर काच व्हायला हवी, मग ग्रॅनाइटमध्ये स्फटिक कुठून आले? हटनचा तरुण मित्र जेम्स हॉल यानं काचेच्या कारखान्यात पाहिलं होतं की, काच अगदी हळू थंड झाली तर तिच्यातही स्फटिक धरतात. त्याला भट्टीत दगड वितळवून बघायचा होता. पण छोट्याशा भट्टीवरून पृथ्वीचा अंदाज बांधणं हटनला पटत नव्हतं. हॉल त्याच्या आदरापोटी थांबला.

आयुष्यभर दगडांमागे फिरलेल्या हटनला अखेरीस मुतखड्यानं छळलं. २६ मार्च १७९७ ला तो गेला. पुढच्याच वर्षी हॉलनं काळा दगड वितळवला. झटकन थंड केला, तर काच झाली. सावकाश थंड केला, तर पुन्हा स्फटिकांचा दगड! गुरूला न पटलेल्या प्रयोगानं गुरूच बरोबर ठरला.

अग्निजन्य खडक ओळखायची पहिली खूण हीच. सह्याद्रीच्या ट्रेकला कातळ नीट बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थंड झाला, म्हणून बेसॉल्टचे कण इतके बारीक की बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाहीत. उलट ग्रॅनाइट खोलवर, हजारो वर्षं निवत राहिला, म्हणून त्याचे दाणे सहज दिसतात. आणि स्वयंपाकघरातला काळा ओटा? दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण अनेकदा तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. रंगावर जाऊ नका, आधी दाणे बघा!