एडिसन आणि तुमच्या घरातला फ्यूज

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं मित्र राहतो. रोज सकाळी एकच तमाशा. एकाने ३००० वॉटचा गीझर लावला आणि दुसऱ्याने २००० वॉटच्या इंडक्शनवर चहा ठेवला, की पाच-दहा मिनिटांत एमसीबी खाली! वैतागून फोनवर शोधून जवळचा एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला, तीनशे रुपये घेतले आणि गेला. ट्रिप होणं बंद. आम्ही खूश.

आठवड्याभराने स्वयंपाकघरात जळका वास यायला लागला. दुसऱ्या वायरमनकाकांनी बोर्ड उघडला तर आतल्या तारेचं इन्सुलेशन काळं पडून कडक झालेलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी इंजिनिअरिंगची डिग्री मलाच लपवावीशी वाटली. हिशोब साधा होता. ५००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. भिंतीतल्या जुन्या तारेला तो लोड झेपत नव्हता. एमसीबी रोज हेच सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं.

त्यानंतर मी थॉमस एडिसनबद्दल वाचायला घेतलं. शाळेत आपल्याला एडिसन म्हणजे बल्ब एवढंच शिकवतात. पण घरातल्या वायरिंगच्या अंगाने त्याचं आयुष्य पाहिलं तर गोष्ट वेगळीच दिसते. तीच आज सांगतो.

रेल्वेतला पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मिलान नावाच्या छोट्या गावात झाला. शाळा फार काळ झाली नाही, आईनेच घरी शिकवलं. लहानपणापासून ऐकायला कमी यायचं. वयाच्या बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट धावणाऱ्या गाडीत पेपर आणि खाऊ विकायला लागला. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांची छोटी प्रयोगशाळा थाटली होती. एक दिवस फॉस्फरस सांडून डब्यात आग लागली आणि त्याचं सगळं सामान गाडीतून बाहेर फेकलं गेलं. आग म्हणजे काय, हे त्याला असं लवकरच कळलं.

१८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला गाडीच्या डब्याखाली येण्यापासून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. पुढची काही वर्षं तो गावोगाव फिरत तारऑपरेटरचं काम करत राहिला. वीज, बॅटरी, तारा, जोडण्या हे सगळं त्याने असं हाताने काम करत शिकलं. आजच्या भाषेत सांगायचं तर सेल्फ-टॉट!

१८७६ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उभी केली. पुढच्याच वर्षी फोनोग्राफ आला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्याने विजेच्या दिव्याकडे मोर्चा वळवला.

बल्ब हा फक्त एक पार्ट

एक गोष्ट स्पष्ट करतो. विजेचा दिवा करून पाहणारा एडिसन पहिला नव्हता. इंग्लंडमधल्या जोसेफ स्वानसह बऱ्याच जणांनी त्याआधी प्रयत्न केले होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये एडिसनच्या टीमने सुती दोऱ्याचा कोळसा करून बनवलेली फिलामेंट तासन्‌तास पेटती ठेवली आणि वर्षअखेरीस मेन्लो पार्कमध्ये लोकांना दिवे दाखवले.

पण एडिसनने विचार केला तो पूर्ण सिस्टिमचा. आपण अ‍ॅप बनवताना सर्व्हर, डेटाबेस, बिलिंग, लॉगिन सगळं धरतो ना, तसाच. वीज कुठे तयार होणार? घरापर्यंत कशी येणार? बिल कसं काढणार? आणि काही बिघडलं तर काय?

त्याची उत्तरं बघा. त्या काळचे रस्त्यावरचे आर्क दिवे एका माळेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असत. घरात असं चालणार नव्हतं, कारण प्रत्येक दिवा वेगळा चालू-बंद करता यायला हवा. म्हणून त्याने दिवे पॅरलल जोडले. तुमच्या घरात बेडरूमचा दिवा उडाला तरी किचनचा चालू राहतो, तो याचमुळे. दिवा फिरवून बसवायचा आटे असलेला होल्डरही त्याच्याच कंपनीचा. आज ऑनलाइन एलईडी घेताना ई-२७ असं लिहिलेलं दिसतं, त्यातला ई म्हणजे एडिसन आणि २७ म्हणजे आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपल्याकडच्या नेहमीच्या दोन पिनांच्या होल्डरला बी-२२ म्हणतात.

मीटर तर भारीच होतं. काचेच्या भांड्यात रासायनिक द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जायचं. महिन्याने माणूस येऊन पट्ट्या नेऊन वजन करायचा आणि त्यावरून बिल. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक बल्ब ठेवलेला असे.

आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं फ्यूज. दोन तारा चुकून चिकटल्या तर प्रचंड करंट वाहणार, तार तापणार, घर पेटणार. यावर एडिसनने मुद्दाम एक कमजोर जागा ठेवली. पटकन वितळणाऱ्या धातूचा बारीक तुकडा. करंट वाढला की आधी तो वितळणार, सर्किट तुटणार आणि भिंतीतली तार वाचणार. याचं पेटंट त्याला १८८० मध्ये मिळालं. गावाकडच्या घरात पांढऱ्या चिनीमातीचा किटकॅट फ्यूज असतो, तो याच कल्पनेचा नातू. आणि त्यात तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे मारून ठेवणारे आपण! आमच्या गावच्या घरी मी लहानपणी हेच पाहिलंय. फ्यूज उडू नये म्हणून फ्यूजच जाड करायचा. पुण्यातल्या ३२ च्या एमसीबीची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

श्रीमंतांच्या घरात लागलेली आग

एडिसनला हे सगळं पहिल्या दिवसापासून जमलं असं नाही. १८८१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे गडगंज श्रीमंत व्हँडरबिल्ट यांच्या घरी वायरिंग झालं. चाचणी सुरू असताना भिंतीवरच्या कागदातून धूर निघायला लागला. त्या कागदात धातूचे बारीक धागे विणलेले होते आणि दोन तारा त्यांच्यामार्फत एकमेकींना भिडल्या होत्या. त्यात तळघरात बॉयलर आणि इंजिन बसवलंय हे घरच्या बाईंना कळलं. त्यांनी सगळंच काढून टाकायला लावलं.

बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरीही लायब्ररीत सदोष वायरिंगमुळे आग लागली आणि टेबल जळालं. मॉर्गन यांनी मात्र काम दुरुस्त करून घेतलं आणि दिवे ठेवले.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती माणसांची. त्या काळी इलेक्ट्रिशियन नावाचा धंदाच नव्हता. घरात तारा ओढायला मिळत ते दाराच्या घंट्या किंवा चोरघंट्या बसवणारे कामगार. त्यांना बॅटरीच्या करंटची सवय. घंटेची जोडणी चुकली तर घंटा वाजत नाही, एवढंच. इथे जोडणी चुकली तर घर जळतं. म्हणून एडिसनच्या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये ६५, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या आपल्या ऑफिसात रात्रीचे वर्ग सुरू करून माणसं शिकवली. सामान चांगलं असून भागत नाही, बसवणारा शिकलेला लागतो, हे तेव्हाच कळलं होतं.

पर्ल स्ट्रीट आणि उडणारे घोडे

४ सप्टेंबर १८८२. दुपारी तीनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं. एडिसन स्वतः तेव्हा मॉर्गन यांच्या ऑफिसात उभा होता. ११० व्होल्टचा डीसी पुरवठा, सुरुवातीला सुमारे ४०० दिवे. तारांची जाळी डोक्यावर लटकवण्याऐवजी त्याने त्या लोखंडी पाइपांतून जमिनीखाली नेल्या होत्या.

पुढे एक गंमत झाली, एडिसन स्वतः ती सांगायचा. अ‍ॅन आणि नसाऊ या रस्त्यांच्या चौकात जमिनीखालच्या जोडाला गळती लागली आणि करंट ओल्या जमिनीत उतरला. तिथून जाणारे घोडे एकदम उधळायचे, कारण खुरांना लोखंडी नाल! लोक मजा बघायला जमले. पुरवठा बंद करून गळती दुरुस्त केली. नंतर एक घोडेविक्या एडिसनला भेटायला आला. मरतुकडे घोडे गिऱ्हाइकासमोर तरतरीत दाखवायला असंच काहीतरी बनवून द्या, अशी त्याची मागणी होती.

हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. या गळतीने कुठलाच फ्यूज उडाला नसता. फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवतात, माणसाला नाही. ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण ०.२६ अँपिअर घेतो. माणसाचा जीव जायला त्याहूनही कमी करंट पुरतो. तुमच्या ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत जुळवून पाहतो, आणि साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात लाइन तोडतो. एडिसनच्या काळात हे उपकरण नव्हतं. आपल्याकडे आहे, तरी कित्येक घरांत नाही.

हट्टाची किंमत

एडिसनची एक बाजू मला अजिबात आवडत नाही. डीसी वीज लांब नेता येत नव्हती, एसी नेता येत होती. हे मान्य करण्याऐवजी त्याने एसी किती जीवघेणी आहे याचा प्रचार केला. १८८८ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना एसीचे झटके देऊन मारण्याचे प्रयोग झाले. मृत्युदंडाची विजेची खुर्ची एसीवर चालावी, यालाही त्या गोटाचं पाठबळ होतं. सुरक्षिततेचा मुद्दा खरा होता, पण त्याने तो धंद्यासाठी वापरला. जानेवारी १८९० मध्ये पर्ल स्ट्रीटचं केंद्रच आगीत जळालं. १८९२ मध्ये विलीनीकरण होऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनी झाली आणि नावातून एडिसन गेला.

घराघरांत एसी आली. पण पॅरलल वायरिंग, होल्डर आणि फ्यूजची कल्पना तशीच राहिली. त्याची डीसीही चिवट निघाली. न्यूयॉर्कमधला शेवटचा डीसी पुरवठा २००७ मध्ये बंद झाला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी एडिसन वारला. त्याच्या नावावर अमेरिकेतली १०९३ पेटंट्स होती. त्याला श्रद्धांजली म्हणून देशाची वीज एक मिनिट बंद करावी असं सुचवलं गेलं, पण तोवर सगळा देशच विजेवर चालत होता. ते धोक्याचं ठरलं असतं. म्हणून लोकांनी आपापल्या घरातले दिवे मिनिटभर घालवले.

आज घरी जाऊन काय कराल?

एमसीबी वारंवार पडत असेल तर मोठा बसवू नका, कारण शोधा. एका लाइनवर लोड जास्त असेल तर गीझर-एसीला वेगळी लाइन घ्या. आमच्याकडे शेवटी हेच केलं, आणि १६ चा एमसीबी परत आला. इलेक्ट्रिशियन बोलावताना शासनाचा परवाना आहे का, हे बिनधास्त विचारा. खरा कारागीर रागावत नाही. काम सुरू करण्याआधी तो मेन बंद करतो का आणि टेस्टरने तपासतो का, हेही बघा. एमसीबी बदलायचा म्हणाला तर आतली तार किती चौरस मिलिमीटरची आहे ते विचारा. उत्तर न देता हात चालू लागला तर थांबवा.

आणि आरसीसीबी असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबून बघा. लाइन लगेच गेली पाहिजे. नाही गेली, तर परवानावाल्या वायरमनला बोलवा. आमच्या फ्लॅटमध्ये मी दाबलं तेव्हा काहीच झालं नव्हतं.