कॉम्प्युटरच्या पेटीत हार्ड डिस्कला जागा मिळवून देणारा माणूस : अ‍ॅलन शुगार्ट

जुन्या डेस्कटॉपची जागा भरत आली की पहिला विचार येतो तो दुसरी हार्ड डिस्क बसवण्याचा. डिस्क आणली जाते, कॅबिनेटची बाजूची पत्रा-पट्टी उघडली जाते आणि मग खरी अडचण कळते. पहिल्या डिस्कच्या वर इंचभर जागा, खाली केबलींचा गुंता, पॉवर सप्लायचा एकच मोकळा कनेक्टर. शेवटी नजर जाते डीव्हीडी ड्राइव्हसाठी ठेवलेल्या रुंद कप्प्याकडे. दोन पट्ट्यांची फ्रेम आणून दुसरी डिस्क तिथे बसवली की काम होतं.

त्या कप्प्याची रुंदी आहे पावणेसहा इंच. ती नेमकी तेवढीच का, याचं उत्तर शोधत गेलं की आपण एका माणसापाशी पोहोचतो. आपल्याच नावाच्या कंपनीतून त्याला बाहेर पडावं लागलं. पुढे त्याच कंपनीने रूढ केलेल्या मापाच्या कप्प्यात त्याने हार्ड डिस्क बसवून दाखवली. त्याचं नाव अ‍ॅलन शुगार्ट.

खोलीएवढ्या यंत्रापासून सुरुवात

शुगार्ट यांचा जन्म २७ सप्टेंबर १९३० रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. कॅलिफोर्नियातल्याच रेडलँड्स विद्यापीठातून त्यांनी इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये ते आयबीएममध्ये लागले. काम होतं ग्राहकांकडे जाऊन बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करण्याचं.

१९५५ मध्ये त्यांची बदली सॅन होजेच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे जगातली पहिली हार्ड डिस्क तयार होत होती. १९५६ मध्ये ती 'रॅमॅक' या यंत्रासोबत बाजारात आली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक होत्या. वजन टनाच्या घरात आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज फोनवर काढलेला एखादा फोटोही तिच्यात मावणार नाही. पण तोपर्यंत माहिती पंचकार्डांवर किंवा टेपवर असायची आणि हवी ती नोंद शोधायला सगळी टेप फिरवावी लागायची. डिस्कवर वाचणारं हेड थेट हव्या त्या जागी जाऊ शकत होतं.

पुढच्या काही वर्षांत शुगार्ट आयबीएमच्या डिस्क विभागाचे प्रमुख व्यवस्थापक झाले. फ्लॉपी डिस्क तयार करणारा गटही त्यांच्याच हाताखाली होता. १९६९ मध्ये त्यांनी आयबीएम सोडून मेमोरेक्स ही कंपनी धरली. त्यांच्या मागोमाग आयबीएममधले अनेक इंजिनिअरही तिकडे गेले.

नाव कंपनीकडे, माणूस बाहेर

फेब्रुवारी १९७३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, शुगार्ट असोसिएट्स. पैसे गुंतवणूकदारांचे होते. खर्च वाढत गेला, बाजारात नेण्याजोगं उत्पादन मात्र तयार नव्हतं. १९७४ मध्ये शुगार्ट यांना बाहेर पडावं लागलं. कंपनीच्या दारावरची पाटी तीच राहिली.

चाळिशी ओलांडलेला हा डिस्कतज्ज्ञ मग सांताक्रूझला गेला. मित्रांसोबत एक बार चालवायला घेतला, एक बोट विकत घेतली आणि साल्मन मासे पकडू लागला.

इकडे त्यांच्या नावाची कंपनी जोरात चालू लागली. त्या वेळच्या फ्लॉपी आठ इंचांच्या होत्या. टेबलावर ठेवायच्या यंत्रासाठी त्यांचे ड्राइव्ह फार मोठे पडत. वँग लॅबोरेटरीज या कंपनीला लहान ड्राइव्ह हवा होता. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची फ्लॉपीचा 'एसए-४००' हा ड्राइव्ह आणला. रुंदी पावणेसहा इंच, उंची सव्वातीन इंच, खोली आठ इंच. इतर कंपन्यांनीही तेच माप उचललं आणि डेस्कटॉपमधले कप्पे त्या मापाचे होऊ लागले. १९७७ मध्ये झेरॉक्सने शुगार्ट असोसिएट्स विकत घेतली.

पेटी बदलायची नाही, डिस्क बदलायची

१९७९ मध्ये जुने सहकारी फिनिस कॉनर यांच्यासोबत शुगार्ट यांनी पुन्हा कंपनी काढली. नाव ठेवलं शुगार्ट टेक्नॉलॉजी. पण त्या नावाची एक कंपनी आधीच झेरॉक्सच्या मालकीची होती. त्यामुळे स्वतःचंच आडनाव बाजूला ठेवून नवं नाव घ्यावं लागलं, सीगेट टेक्नॉलॉजी.

कल्पना साधी होती. लोकांच्या टेबलावर छोटे कॉम्प्युटर येऊ लागले होते. त्यांत फ्लॉपी ड्राइव्हसाठी कप्पा होता, त्याला लागणारा ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा होता. मग हार्ड डिस्कच अशी करायची की ती त्याच कप्प्यात बसेल आणि त्याच व्होल्टेजवर चालेल. कॉम्प्युटर बनवणाऱ्याला पेटी नव्याने घडवावी लागू नये.

हे शक्य झालं ते आधीच्या दशकातल्या एका बदलामुळे. डिस्कचं हेड तबकडीला न टेकता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. मध्ये धुळीचा कण आला तरी तबकडी ओरखडली जाते. १९७३ मध्ये आयबीएमने हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात ठेवण्याची पद्धत आणली. धूळ बाहेर राहिली, त्यामुळे हेड आणखी जवळ आणता आलं आणि कमी जागेत जास्त माहिती लिहिता आली.

१९८० मध्ये सीगेटची 'एसटी-५०६' बाजारात आली. क्षमता ५ मेगाबाइट, किंमत सुमारे १५०० डॉलर. रॅमॅकच्या टनभर वजनाच्या डिस्कवर जेवढं मावायचं, त्याहून थोडं जास्तच आता फ्लॉपी ड्राइव्हच्या जागेत मावत होतं.

दुसऱ्या डिस्कची अडचण

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये दोन कप्पे होते, दोन्ही फ्लॉपीसाठी. पॉवर सप्लाय जेमतेम ६३.५ वॉटचा. हार्ड डिस्कची मोटर सुरू होताना सर्वांत जास्त वीज ओढते, त्यामुळे एवढ्या पुरवठ्यावर भरवसा ठेवणं अवघड होतं. १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटीमध्ये पुरवठा १३० वॉटचा झाला. त्यातल्या एका कप्प्यात फ्लॉपी होती आणि दुसऱ्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क. यासाठी आयबीएमने वापरलेल्या डिस्कमध्ये सीगेटची 'एसटी-४१२' होती.

पण दोन्ही कप्पे भरले. दुसरी हार्ड डिस्क ठेवायची कुठे?

जोडणीची सोय मात्र एसटी-५०६ च्या रचनेतच होती. ३४ तारांची एक पट्टी-केबल सगळ्या डिस्कना मिळून हुकूम पोहोचवायची आणि प्रत्येक डिस्कला माहितीसाठी २० तारांची स्वतंत्र केबल असायची. एकाच केबलवर दोन डिस्क असल्या तर हुकूम कुणासाठी आहे ते कळावं म्हणून डिस्कवर छोटा जंपर लावून तिचा क्रमांक ठरवायचा. केबलच्या शेवटच्या डिस्कवर रोधकांचा एक तुकडा ठेवायचा, नाहीतर केबलच्या टोकाला आदळून सिग्नल मागे फिरायचा आणि गोंधळ व्हायचा. दुसरी डिस्क बसवणाऱ्याने हा तुकडा चुकीच्या डिस्कवर ठेवला की कॉम्प्युटर डिस्कला ओळखेनासा व्हायचा किंवा लिहिलेलं चुकायचं.

जागेचा प्रश्न सुटला तो उंची अर्धी केल्यावर. साधारण ४१ मिलिमीटर उंचीचे ड्राइव्ह आले आणि एका कप्प्यात दोन बसू लागले. सीगेटची २० मेगाबाइटची 'एसटी-२२५' त्यातली खूप खपलेली डिस्क. आज डीव्हीडी ड्राइव्हचा जो कप्पा दिसतो, तो याच अर्ध्या उंचीचा.

लहान करणाराच मागे पडला

सीगेट जगातली सर्वांत मोठी स्वतंत्र डिस्क कंपनी झाली. पण पुढचं पाऊल तिने उशिरा टाकलं. साडेतीन इंची डिस्कचे नमुने १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिच्याकडे तयार होते. मोठ्या ग्राहकांना मात्र लहान आकारापेक्षा जास्त क्षमता आणि कमी दर हवा होता, म्हणून ते काम बाजूला ठेवलं गेलं. दरम्यान सीगेट सोडलेल्या फिनिस कॉनर यांनी वेगळी कंपनी काढली आणि साडेतीन इंची डिस्क कॉम्पॅकला विकून मोठा धंदा केला. सीगेट त्या बाजारात आली तोवर इतरांनी जम बसवला होता. शेवटी १९९६ मध्ये सीगेटने कॉनर यांची कंपनीच विकत घेतली.

त्याच वर्षी शुगार्ट यांनी आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उभं करण्याचा प्रयत्न केला. राजकारणाला कंटाळलेल्या मतदाराची ती थट्टा होती. पुढे २००० मध्ये मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय असावा म्हणून कॅलिफोर्नियात त्यांनी मोहीम चालवली. मतदारांनी तो प्रस्ताव नाकारला. भारतात तोच पर्याय 'नोटा' नावाने २०१३ मध्ये आला.

जुलै १९९८ मध्ये संचालक मंडळाने त्यांना सीगेटच्या प्रमुखपदावरून दूर केलं. स्वतः उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडण्याची ही दुसरी वेळ. नव्या उद्योगांना मदत करणारी एक कंपनी काढून ते कामाला लागले. १२ डिसेंबर २००६ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे मॉन्टेरे इथे त्यांचं निधन झालं.

आजच्या साटा डिस्कना जंपर लागत नाही, रोधकांचा तुकडाही नाही. प्रत्येक डिस्कची केबल वेगळी असते. पण दुसरी डिस्क बसवताना प्रश्न तेच राहतात : कप्पा आहे का, वीज पुरेल का, केबल पोहोचेल का. आणि जागा सापडलीच नाही, तर पावणेसहा इंची कप्पा अजूनही मदतीला येतो.