सगळ्यांसमोर चुकलेला मुलगा

व्हायव्हाला अख्ख्या बॅचसमोर तुमची फाइल परत आलीय कधी? माझी आलीय, थर्ड सेमला. त्या दिवशी मेसला न जाता रूमवर पडून होतो आणि रूममेटच्या कॉम्प्युटरवर व्हायोलिन चालू होतं. वाजवणाऱ्याचं नाव विचारलं. डेव्हिड ऑइस्त्राख. नंतर त्याच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की याची ‘फाइल’ तर आपल्यापेक्षा फारच मोठ्या माणसाने परत केली होती!

ऑइस्त्राखचा जन्म ३० सप्टेंबर १९०८ चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा बंदरातला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, परिस्थिती साधीच. आई तिथल्या ऑपेरात कोरसमध्ये गायची. पाचव्या वर्षी पोराला प्योत्र स्तोल्यार्स्की या शिक्षकांकडे घातलं, आणि कॉन्झर्व्हेटरी संपेपर्यंत त्याचे गुरू तेच राहिले. नेथन मिलस्टाइन हा पुढे जगप्रसिद्ध झालेला व्हायोलिनवादकही स्तोल्यार्स्कींचाच शिष्य. तो १९२५ मध्ये देश सोडून गेला. ऑइस्त्राख राहिला.

१९२७ साली सर्गेई प्रोकोफिएव्ह हा मोठा संगीतकार ओडेसाला आला. त्याच्या सन्मानार्थ जेवण होतं. अठरा वर्षांच्या ऑइस्त्राखला तिथे त्याच पाहुण्याच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्तोमधला स्केर्झो, म्हणजे वेगवान, खोडकर भाग वाजवायचा होता. पोरगं जीव ओतून वाजवत होतं, पण प्रोकोफिएव्हचा चेहरा उतरत चालला होता. वाजवून झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, याने नाही. तो उठून सरळ स्टेजवर गेला, साथीदाराला पियानोवरून उठवलं आणि तू वाजवलंस ते अजिबात बरोबर नाही असं त्या मुलाला सांगून, सगळ्यांसमोर स्वतः वाजवून समजावू लागला. विचार करा, काय वाटलं असेल! आपण तर पुन्हा त्या संगीतकाराच्या वाटेलाच गेलो नसतो.

ऑइस्त्राखने मात्र त्याचं संगीत सोडलं नाही. तो मॉस्कोला गेला, मैफली करत राहिला, १९३४ पासून मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवायलाही लागला. १९३५ मध्ये वॉर्सात व्हिएन्याव्स्की स्पर्धा झाली. तिथे याचा दुसरा नंबर आला. पहिली आली फ्रान्सची जिनेत नव्हू, वय वर्षं फक्त पंधरा! हा सव्वीसचा. आपल्यासारखा असता तर पेपर चेकिंगलाच नावं ठेवली असती. याने बायकोला पत्रात लिहिलं, की पोरगी अफाट आहे आणि तिचा पहिला नंबर योग्यच आहे. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, ब्रसेल्सच्या इझाय स्पर्धेत तो पहिला आला आणि त्याचं नाव युरोपभर झालं.

पण तेच १९३७ साल त्याच्या देशात स्टॅलिनच्या धरपकडीचं होतं. रात्री गाडी यायची, माणूस उचलला जायचा. गायिका गालिना विश्नेव्स्काया हिने आपल्या आठवणींत ऑइस्त्राखकडून ऐकलेली हकिगत दिली आहे. त्याच्या इमारतीतले लोक एकेक करून नेले गेले. उरली दोनच घरं, याचं आणि समोरचं. नवरा-बायको गरम कपड्यांचं बोचकं बांधून रात्ररात्र जागे राहायचे. एका रात्री पावलं त्यांच्याच मजल्यावर येऊन थांबली. बेल वाजली... समोरच्या दाराची. ब्रसेल्सचा विजेता या भीतीत जगत होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

युद्ध आलं तेव्हा तो सैनिकांसमोर, हॉस्पिटलांत, वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्येही जाऊन वाजवून आला. आणि प्रोकोफिएव्ह? दोघे आता मित्र झाले होते, बुद्धिबळाचा जाहीर सामनाही खेळले होते. ओडेसाचा तो बिचारा मुलगा म्हणजे मीच, असं ऑइस्त्राखने बऱ्याच वर्षांनी सांगितल्यावर प्रोकोफिएव्ह चांगलाच ओशाळला. पुढे त्याने आपला बासरीचा सोनाटा ऑइस्त्राखच्याच सांगण्यावरून व्हायोलिनसाठी बदलून दिला. एक सोनाटा तर त्यालाच अर्पण केला. १९४६ मध्ये तो ऑइस्त्राखनेच पहिल्यांदा वाजवला. त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी व्हायोलिनचे सूर नुसते सरसरत जातात. ते स्मशानातल्या वाऱ्यासारखे वाटले पाहिजेत, असं प्रोकोफिएव्हने त्याला सांगून ठेवलं होतं.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने प्रोकोफिएव्ह आणि शोस्ताकोविच दोघांवरही जाहीर टीका केली. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो त्याच वर्षी लिहून पूर्ण झाला, पण सात वर्षं कपाटातच राहिला. तो १९५५ मध्ये लेनिनग्राडला पहिल्यांदा वाजला, ऑइस्त्राखच्या हातून. यातला मोठा एकल भाग इतका दमवणारा आहे, की त्यानंतरची सुरुवात ऑर्केस्ट्राला द्या, मला निदान घाम पुसू द्या, अशी त्याने विनंती केली होती. शोस्ताकोविचने ती मान्यही केली! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून त्याने अमेरिकाही जिंकली.

शिकवणं शेवटपर्यंत चालू होतं. मुलगा इगोर आणि गिडॉन क्रेमर हे त्याचेच विद्यार्थी. १९६४ मध्ये हार्ट अटॅक येऊनही तो थांबला नाही, ऑर्केस्ट्राही चालवत राहिला. २४ ऑक्टोबर १९७४ ला अॅमस्टरडॅममध्ये, ब्राम्सच्या मैफली चालवण्यासाठी गेलेला असताना, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तो गेला.

मला मात्र एक जुना दिवस सांगून थांबायचंय. ५ मार्च १९५३. स्टॅलिन गेला, आणि त्याच दिवशी प्रोकोफिएव्हही गेला. सगळं मॉस्को स्टॅलिनच्या अंत्यदर्शनाला लोटलेलं. प्रोकोफिएव्हला निरोप द्यायला मोजकेच लोक पोहोचू शकले. तिथे ऑइस्त्राखने त्याला अर्पण केलेल्या त्याच सोनाट्याचे दोन भाग वाजवले, स्मशानातल्या वाऱ्याचा पहिला भाग त्यातलाच. या वेळी चूक सांगायला तो उठणार नव्हता.

मित्रांनो, एकदा रात्री कॉरिडॉर शांत झाल्यावर तो पहिला भाग ऐका. आणि हो, त्या व्हायव्हानंतर मी फाइल पुन्हा लिहिली आणि त्याच सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तीन चुका दाखवल्या. तिन्ही खरंच चुकाच होत्या!