घरोटाच्या घरघरीत जपलेली वही

आखाजी आली की खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. बोदवडला त्या दिवसांत ऊन असे तापलेले असते, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शेते रिकामी असतात, निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो आणि घरात खापरावरचे मांडे नि आमरस यांचा बेत झालेला असतो. जेवणे आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की माजघरात कोणीतरी जुनी पत्र्याची पेटी उघडते. पिवळे पडलेले लग्नपत्रिकांचे कागद, कोपरे दुमडलेले फोटो, कोणाच्या तरी मॅट्रिकच्या निकालाचे वर्तमानपत्रातले कात्रण, काकांचे पोस्टकार्ड. मग एखादी लेक हमखास म्हणते, हे सगळे एका वहीत नीट चिकटवून ठेवायला हवे. दुसरी म्हणते, हवे खरे, पण वेळ कुठे आहे? पेटी बंद होते आणि पुढच्या आखाजीपर्यंत तशीच राहते.

आमच्याही घरी हेच झाले. माझ्या आजीला दळणाच्या कितीतरी ओव्या येत होत्या. घरात शिकलेली माणसे होती, वह्या होत्या, पेन्सिली होत्या. आज लिहू, उद्या लिहू असे म्हणता म्हणता आजी गेली. आता एखाद्या ओवीची चाल तेवढी कानात राहिली आहे. शब्द गेले ते गेलेच. वेळ नव्हता, हे कारण आम्ही सगळ्यांनी मिळून दिले होते आणि ते कोणाला खोटेही वाटले नव्हते.

पण ज्या बाईला खरोखरच क्षणाची उसंत नव्हती, अशी एक बाई याच जिल्ह्यात होऊन गेली. बोदवड स्टेशनावर गाडीत बसावे, भुसावळ मागे टाकावे आणि जळगावला उतरावे. तिथून हाकेच्या अंतरावर असोदे गाव आहे. बहिणाबाई चौधरी यांचे ते माहेर.

असोद्याची लेक

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्याच्या महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी, असे भरलेले घर. मुलीने शाळेत जायचे दिवस ते नव्हते. त्यामुळे पाटी-पेन्सिल हातात आली नाही आणि लिहिणे-वाचणे त्यांना जन्मभर आले नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झाले. असोद्याच्या वाटेवरची झाडे, आईचा हात, भावंडांचा दंगा हे सारे मागे राहिले. ते कुठे लिहून ठेवता येत नव्हते, म्हणून मनात ठेवले. पुढे माहेरावर त्यांनी जी गाणी रचली, त्यांत हे सगळे जसेच्या तसे उतरले.

चौधरींचा वाडा म्हणजे शेतकऱ्याचे मोठे खटले. तांबडे फुटायच्या आधी दिवस सुरू व्हायचा. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. पहाटे त्या घरोटावर बसायचे, मग चूल, मग गोठा, मग शेत. पेरणी आली, निंदणी आली, कापणी आली. खळ्यावर मळणी आणि उपणणी आली. संध्याकाळी पुन्हा चूल आणि पुन्हा भाकरी. सणवार, पाहुणे, बाळंतपणे, आजारपणे ही सगळी त्यातच. आज आपण ज्याला मोकळा वेळ म्हणतो, तो शब्दच त्या घरात कोणाला ठाऊक नसावा.

तिशीतले वैधव्य

ओंकार, सोपानदेव आणि काशी अशी तीन मुले झाली. सोपानदेव १९०७ साली जन्मले. ते जेमतेम तीन वर्षांचे असतील, तेवढ्यात नथूजी गेले. बहिणाबाईंचे वय तेव्हा तीस. घर, शेती आणि तीन लेकरे यांचा भार एकटीवर आला. त्या काळी विधवा बाईच्या वाट्याला काय येत असे, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेले आहे. त्यात भर म्हणून प्लेगने थोरल्या ओंकारला गाठले. तो वाचला, पण कायमचे अपंगत्व घेऊन. आईला आता रडत बसायलाही सवड उरली नाही.

अशा वेळी माणूस एकतर मोडते, नाहीतर कोरडे होते. बहिणाबाई मोडल्या नाहीत आणि कोरड्याही झाल्या नाहीत. त्यांनी आपले दुःख कामाच्या तालावर गायला घेतले. नवरा गेल्यानंतरच्या गाण्यात त्यांनी स्वतःचीच समजूत घातली आहे. कुंकू पुसले तरी कपाळावरचे गोंदण कोणी पुसू शकत नाही आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटातले बळ फुटत नाही, असा त्यांचा विचार. भविष्य सांगायला दारी येणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी गाण्यातूनच परत पाठवले. आपले दैव आपल्याला कळून चुकले आहे, ते दुसऱ्याने सांगायची गरज नाही, हा त्या बाईचा ताठ कणा होता.

कामातच सापडलेला वेळ

गाण्यांसाठी त्यांनी वेगळा वेळ कधी काढला नाही. तो निघालाच नसता. हात घरोटाच्या खुंट्यावर आणि मन गाण्यात, अशी त्यांची रीत. म्हणून त्यांच्या गाण्यांचे विषय पाहिले की एका घराची वर्षभराची वहीच उघडल्यासारखे वाटते. घरोटावर गाणे आहे, पेटता न पेटणाऱ्या चुलीवर आहे. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी यांवर आहे. विहिरीवरच्या मोटेवर आहे. आखाजीचा झोका आहे, गुढीपाडवा आहे, पोळा आहे, पंढरीची दिंडी आहे. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा आहे. पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे वळवून वळवून पुन्हा तिथेच जाणारे मन आहे. आपण फोटो, तिकिटे, वाळलेली फुले चिकटवून जे करू पाहतो, ते या बाईने शब्दांनी केले. वही नव्हती आणि खळही नव्हती.

जळगावात नानाजींचा छापखाना होता. त्याचा धडधडाट ऐकून आणि ते यंत्र पाहूनही त्यांनी गाणे रचले. कोरा कागद छापून बाहेर पडतो आणि शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो, असे त्यांना वाटले. स्वतःचे नावही लिहिता न येणाऱ्या बाईला कागदाची थोरवी कळली होती, हे विसरता येत नाही. आपली गाणी कधी त्या यंत्रातून जातील, हे तिच्या ध्यानीमनीही नसेल.

त्यांची भाषा घरातली आणि शेतातलीच होती. लेवा समाजाच्या बोलण्यातली ती गोड खानदेशी बोली. बोदवड, भुसावळ, यावल, रावेर या भागातल्या माणसाला ती आजही आपल्या ओट्यावरची वाटते. कोणाला आवडावे म्हणून त्यांनी तो शब्द घासून-पुसून शहरी केला नाही.

पेन्सिल कोणाच्या हातात?

आता या गोष्टीतला खरा मुद्दा. बहिणाबाई गात होत्या, पण गाणे हवेत विरते. ते कागदावर आले, कारण घरात दोन माणसे कान देऊन होती. एक मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावाजले, आणि दुसरे त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. आईच्या तोंडून गाणे निघाले, की ते जिथल्या तिथे टिपून घ्यायचे, हा या दोघांचा परिपाठ. सावकाश बसून लिहू, सवडीने चांगल्या अक्षरात उतरवू, असे म्हणत ते थांबले असते तर आज आपल्या हाती काहीच नसते. तरीही जे टिपले गेले नाही, ते गेलेच. किती पहाटेची गाणी घरोटाच्या पिठाबरोबर उडून गेली असतील, याचा हिशेब कोण देणार?

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. वय एकाहत्तर. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती टिपलेली गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. घरगुती गोष्ट म्हणून त्यांना आधी संकोच वाटत होता. अत्र्यांना मात्र वाचताच उमगले, की हे धन एका घरात दडवून ठेवण्याजोगे नाही. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि खानदेशातली एक निरक्षर शेतकरीण महाराष्ट्राची कवयित्री झाली. पुस्तक निघाले तेव्हा आई नव्हती, एवढी हुरहूर मात्र कायमची राहिली.

पुढे ही गाणी पाठ्यपुस्तकांत आली. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून घरोघरी गेली. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या बाईला शाळेची पायरी चढता आली नाही, तिच्या नावाची पदवी आता बोदवडची पोरे-पोरी घेतात. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तूही जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना कळते, की जपण्याजोगी वस्तू फार मोठी असावी लागत नाही. ती कोणाच्या तरी हाताखालून गेलेली असावी लागते.

पेटी पुन्हा उघडताना

बहिणाबाईंसारखी प्रतिभा घरोघरी नसते, हे खरे. पण सोपानदेव आणि पितांबर यांनी जे केले, ते कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी महागडा अल्बम लागत नाही की रविवारची अख्खी दुपार लागत नाही. कणकेची खळ, शाळेतली उरलेली वही आणि भाजी निवडताना, शेंगा फोडताना सापडणारी दहा मिनिटे पुरेत. आजी बोलत असेल तेव्हा नातवाने लिहावे, आईने फोटो लावावा, वडिलांनी त्याखाली नाव आणि साल घालावे. एकटीवर टाकलेले काम कधीच होत नाही. घराने वाटून घेतले तर ते कधी झाले, हेही कळत नाही. आणि नाव-सालाशिवाय फोटो चिकटवू नये. दोन पिढ्यांनी तो कोणाचा, हे सांगायला कोणी उरत नाही.

यंदाच्या आखाजीला बोदवडची आमची पेटी पुन्हा उघडली. आजीच्या ओव्या आता मिळणार नाहीत. पण मोठी आत्या अजून आहे. शेंगा फोडता फोडता ती एक ओवी गुणगुणली आणि मधेच अडली. सारे तिच्याकडे पाहू लागले. धाकट्या भाचीने मात्र न बोलता वही पुढे ओढली आणि जेवढे आठवले तेवढे लिहून घेतले. अर्धीच ओवी आहे. पण ती आता वहीत आहे.