प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर

सिन्नरच्या कोरडवाहू शेतांत बाजरी फुलोऱ्यात आली आणि आभाळ दाटून राहिले, म्हणजे कधी कधी कणसांवर मधासारखे चिकट थेंब दिसू लागतात. ते पाहताच जाणता शेतकरी चिंतातुर होतो. कारण तो अरगट रोगाचा आरंभ असतो. हा रोग एका बुरशीमुळे होतो. बुरशी अशी पिकाचा घात करते. परंतु पेनिसिलिनसारखे जीवदायी औषधही बुरशीपासूनच मिळते. अशा नानाविध बुरशी ओळखून त्यांचे जतन करणारी एक संस्था पुण्यात आहे. तिचा पाया घालणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते पुढे तेथेच अध्यापन करू लागले. पुस्तकी ज्ञानावर त्यांचे समाधान होत नसे. सह्याद्रीत हिंडून ते वनस्पती व जीवजंतू गोळा करीत. जेलीफिश हा प्राणी समुद्रातच राहतो, अशी सामान्य समजूत. परंतु सातारा भागातील नदीच्या गोड्या पाण्यात आघारकरांना एक जेलीफिश आढळली आणि विद्वानांचे लक्ष या तरुणाकडे वेधले गेले.

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य असल्याने आघारकर जर्मनांच्या लेखी शत्रूचे प्रजाजन ठरले व त्यांना स्थानबद्धतेत राहावे लागले. परक्या देशात असा प्रसंग ओढवला, तरी त्यांनी विद्येची कास सोडली नाही. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनच ते मायदेशी परतले. त्यानंतर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास अध्यापन केले.

निवृत्तीनंतर विश्रांती घ्यावी, असे वय झाले होते. पण आघारकर पुण्यास आले आणि त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी करण्याचे काम शिरावर घेतले. १९६० साली मृत्यू येईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ साली संस्थेच्या संशोधनमंदिरास त्यांचे नाव देण्यात आले. समाजसुधारक आगरकर आणि शास्त्रज्ञ आघारकर हे दोघे वेगळे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. कारण आघारकर संशोधन संस्था आगरकर रस्त्यावरच आहे!

येथेच आज भारतातील बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. सोयाबीन आंबवून खाद्यपदार्थ करण्यासाठी वापरली जाणारी एक बुरशी आणि भुईमुगाच्या दाण्यांत विष निर्माण करणारी दुसरी बुरशी, या बहिणींसारख्या एकमेकींशी जुळतात. ओळख चुकली, तर अन्नाचे विष व्हावयाचे! म्हणून प्रत्येक बुरशी पारखून, तिला क्रमांक देऊन, तिचे मूळ ठिकाण नोंदवून ठेवावे लागते. ती वरचेवर नव्या खाद्यावर वाढवीत राहिल्यास तिचे गुण पालटण्याची किंवा तीत दुसरी बुरशी मिसळण्याची भीती असते. यासाठी काही बुरशी गोठवून सुकवितात व काचेच्या नळीत बंद करतात, तर काही उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या साह्याने गोठवून ठेवतात. अशा रीतीने त्या वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि गरज पडताच पुन्हा वाढविता येतात.

आघारकरांनी लावलेल्या रोपट्याचा असा विस्तार झाला आहे. स्वतःस फळ मिळेल की नाही, याचा विचार न करता झाड लावणारा मनुष्यच पुढील पिढ्यांना सावली देऊन जातो.